काचेतलं पाणी

इंद्रजितरावांना वाफेच्या इंजिनाबद्दल सगळं काही माहीत होतं. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस सांगलीत शोधून सापडला नसता, कारण ती ते स्वतःच सांगत फिरायचे. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर शिकवायला पोरं उरली नाहीत, तेव्हा वरच्या मजल्यावर लेथ टाकून त्यांनी तांब्यापितळेचं एक चालतं इंजिन बनवलं. दोन हात लांब, जवळजवळ गुडघ्याएवढं उंच, खऱ्या कोळशावर आणि खऱ्या वाफेवर धावणारं.

अशाच हौसेच्या दहाबारा मंडळींचा एक गट होता. वर्षातून दोनदा कुणाच्या तरी घरी जमायचं, आपापली इंजिनं दाखवायची आणि जेवून घरी जायचं. बाकीच्यांची इंजिनं विजेवर चालत, म्हणून इंद्रजितराव त्यांना 'खेळणीवाले' म्हणत, आणि तेही फारसं मनातल्या मनात नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून वरून बघायची त्यांना सवय होती. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणत म्हणतच त्यांनी या लोकांसाठी एक पुस्तिका लिहिली होती, इंजिन कसं चालतं ते पायरीपायरीनं सांगणारी. ऑगस्टातल्या एका रविवारी पाचगणीला तिचं वाचन होतं, आणि मंगळवारी ती छापायला जाणार होती.

त्या रविवारी सकाळी ते आधी पलूसला गेले. काम साधं होतं. वाचनात दाखवायला एक जुनी काच आणायची होती.

त्यांचं इंजिन ज्याची नक्कल होतं, ते मूळ इंजिन कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यातलं, उसाची छोटी गाडी ओढणारं. तो कारखाना कधीच बुडाला आणि रूळही भंगारात गेले. इंद्रजितरावांचे वडील नानासो तिथं फोरमन होते. एकोणऐंशीच्या सीझनात त्या इंजिनाच्या भट्टीचं छत आत कोसळलं आणि अर्जुना नावाचा फायरमन, भट्टीत कोळसा टाकणारा, वाफेनं भाजून गेला. अर्जुनाचा मेहुणा नाथाजी तेव्हा त्याच इंजिनावर खलाशी, म्हणजे मदतनीस, होता. इंजिन भंगारात निघालं तेव्हा त्यानं बॉयलरवरची पाण्याची काच तेवढी मागून घेतली होती. अंगठ्याएवढी जाड काचेची नळी, वरखाली तोटीसारखे पितळी कॉक आणि खाली पाणी सोडायचा तिसरा. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते या नळीत दिसायचं.

नाथाजी आता सत्तरीला आला होता. त्यानं काच पुसून फळीवर बसवून ठेवली होती. शेजारी त्याची बहीण बसली होती, भामाबाई, अर्जुनाची बायको. इंद्रजितरावांनी चहा नको म्हणून सांगितलं आणि काचेला हात घातला. तेव्हा भामाबाईनं विचारलं, की पुस्तकात आमच्या मालकाचं नाव आहे म्हणतात, ते काय लिहिलंय ते वाचून दाखवाल का. इंद्रजितरावांना त्यात अवघड वाटण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी कागद काढून वाचलं: 'फायरमन अर्जुना याच्या निष्काळजीपणामुळे बॉयलरमधलं पाणी संपलं. अडाणी हातात इंजिन दिल्याचा हा परिणाम.'

भामाबाई खाली बघत ऐकत होती. "त्यो निष्काळजी नव्हता, दादा," ती म्हणाली. "मी डबा घिऊन जायची तवा बघितलंय. भट्टीत फावडं घालायच्या आदी तीनदा काच उघडायचा, खालनं पाणी सोडून बघायचा. तेवढं खोडा. दुसरं काय मागत न्हाई."

इंद्रजितरावांनी तिला समजावून सांगितलं, की हे त्यांनी मनानं लिहिलेलं नाही, चौकशीत तसंच ठरलंय. चौकशीला आम्हाला कुणी विचारलंच नाही, असं ती म्हणाली. यावर ते "बघू" म्हणाले. दारात आलेल्या मागत्याला पुढच्या घरी धाडावं, तसलं ते बघू होतं, आणि ते भामाबाईला कळलं. तरी काच न्या, असं तिनंच भावाला सांगितलं. बघू दे सगळ्यांना, म्हणाली.

नाथाजीनं काच गोणपाटात गुंडाळली आणि गाडीपाशी येऊन आवाज खाली आणला.

"सायेब, काच कोरडी असंल तरच उभी करा. पाणी दिसलं तर... काय शिकवू नगा. गाडी वळवा आन घरला या."

"तिन्ही कॉक बंद आहेत, नाथाजी. आत पाणी येईल कुठून?"

"त्येच म्या बी इचारतुया. सेहेचाळीस वर्सं झाली."

इंद्रजितराव कऱ्हाडपर्यंत या वाक्यावर हसत होते. ज्यांना बॉयलर म्हणजे मोठा बंब वाटतो, ती माणसं आपल्याला पाण्याबद्दल शिकवणार.

वाई सोडून पसरणीचा घाट लागला आणि धुकं आलं. भर बाराला दिवे लावावे लागले. वायपरचा आवाज आणि गाडीची घरघर, एवढंच काय ते ऐकू येत होतं. तिसऱ्या वळणावर त्यात आणखी एक आवाज मिसळला. बुडबुड... जरा थांबून पुन्हा बुडबुड. मागच्या सीटवरून येत होता. मग वास आला. ओल्या कोळशाच्या राखेचा आणि तापलेल्या तेलाचा. मागं ठेवलेल्या आपल्याच इंजिनाला तेल घातलंय, त्याचा असणार, असं त्यांनी ठरवलं. पण ते इंजिन थंड होतं आणि हा वास गरम तेलाचा होता, हा फरक सगळ्यांत आधी त्यांनाच कळायला हवा होता.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि गोणपाट सोडलं. काचेत निम्म्यापर्यंत पाणी होतं.

कॉक तिन्ही बंद होते. त्यांनी काच उलटी केली. पाणी हललं नाही. खालचं अर्धं वर आलं आणि पाणी त्याच अर्ध्यात, जिथल्या तिथं राहिलं. रिकामं अर्धं त्याच्या खाली होतं. इंद्रजितराव घाटाच्या कडेला, धुक्यात, ते बघत उभे राहिले.  मग ते मोठ्यांदा म्हणाले, "केशाकर्षण." अंगठ्याएवढ्या नळीत केशाकर्षण होत नाही. त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं, तर त्यांनी वर्गासमोर त्याची सालटी काढली असती. पण इथं उत्तर त्यांचं स्वतःचं होतं, म्हणून ते खपून गेलं. नाथाजीचं बोलणं त्यांना आठवलं, नाही असं नाही. अडाणी माणसाचं ऐकून घाटातून परत फिरायचं, हे मात्र त्यांच्या पायांना जमणारं नव्हतं.

पाचगणीला या वेळचे यजमान होते लालासाहेब; त्यांच्या बंगल्याला लांबलचक बंदिस्त व्हरांडा होता. स्ट्रॉबेरी आणि हॉटेल या दोन्हींत बरकत आलेला हा माणूस हौशी होता आणि खाऊपिऊ घालणारा होता, म्हणून इंद्रजितरावांनी त्याला कधी नावं ठेवली नाहीत, फक्त त्याच्या ज्ञानाला ठेवली. व्हरांड्यात रूळ टाकले होते. दोन्ही बाजूंना खुर्च्या, रुळांपासून हात-दीड हातावर. खिडक्यांबाहेर धुकं इतकं दाटलं होतं की अंगणातला नळसुद्धा दिसत नव्हता. मंडळींत एक नवी होती, राजनंदिनी, साताऱ्याची डॉक्टर. तिनं स्वतःच्या हातानं एक छोटं वाफेचं इंजिन बनवलं होतं. इंद्रजितरावांनी ते चष्म्यावरून पाहिलं आणि चहाची किटली छान झालीय म्हणाले. ती हसली नाही.

फळीवरची काच त्यांनी इंजिनाशेजारी उभी केली. पाणी निम्म्यावर होतं. कुणीतरी विचारलं, तेव्हा शिकवायला मुद्दाम भरून आणलंय, असं त्यांनी सांगितलं.

मग भट्टी पेटली, वाफेच्या दाबाचा काटा चढला आणि इंद्रजितराव सुरू झाले. धुरावर गाडी चालते हे आधी डोक्यातून काढा, म्हणाले. भट्टीतली आग नळ्यांमधून पळते, नळ्यांभोवती पाणी असतं, त्याची वाफ होते. वाफेला कोंडलं की तिला बाहेर पडायची घाई होते, आणि आपण तिला एकच वाट ठेवतो, सिलिंडरची. तिथं ती दट्ट्याला एकदा या बाजूनं ढकलते, एकदा त्या बाजूनं, आणि दट्ट्या चाकाला फिरवतो. दमलेली वाफ धुराड्यातून सुटते. सुटताना ती भट्टीतली हवा ओढून नेते आणि आग आणखी फुलते. म्हणजे गाडीवर जितकं ओझं, तितकी आग आपोआप मोठी. तुम्ही पोरांना शिकवता ती छुकछुक म्हणजे हीच सुटणारी वाफ, चाकाच्या एका फेरीला चारदा. सांगणं खरंच चांगलं होतं. इंजिन व्हरांड्यात मागंपुढं धावत होतं आणि खेळणीवाले गप्प होऊन ऐकत होते.

"आता भट्टीचं छत," इंजिन मोठ्या काचेशेजारी थांबवून ते म्हणाले. "त्याच्यावर कायम पाणी हवं. पाणी उतरलं की छत लाल होतं, मऊ होतं आणि आत कोसळतं. म्हणून ही काच. आणि काच खोटं बोललीच, तर म्हणून हा प्लग."

खिशातून त्यांनी पितळेचा जाड स्क्रू काढला. नानासोंच्या टेबलावर तो शेवटपर्यंत कागदांवर दाब म्हणून होता, आणि नानासो गेल्यावर इंद्रजितरावांच्या टेबलावर. त्याच इंजिनाच्या भट्टीच्या छतातला, नानांची आठवण. मधोमध भोक असतं आणि ते शिशानं भरलेलं असतं. पाणी उतरलं की शिसं आधी वितळतं, वाफ भट्टीत शिरते, आग विझवते आणि माणसं वाचतात. एवढं सांगून त्यांनी तो मंडळींकडं फिरवायला दिला. वर अभिमानानं सांगितलं, की शिशाचे प्लग गळतात आणि गाड्या बंद पडतात, पण नानांच्या अकरा सीझनांत या गाडीचा प्लग एकदाही गळला नाही आणि ऊस एक दिवस उभा राहिला नाही.

राजनंदिनीनं तेव्हा मान वर केली.

त्यांनी पुस्तिका उघडली आणि उदाहरण म्हणून ते वाक्य वाचलं. 'फायरमन अर्जुना याच्या निष्काळजीपणामुळे...'

बाहेर धुक्यात फावडं ओढल्याचा आवाज आला. खर्र... आणि थांबून पुन्हा खर्र. लोखंडावर लोखंड, मोठं, जड. लालासाहेब उठून बघून आले. अंगणात कुणी नव्हतं आणि फावडं तर बंगल्यात नव्हतंच. सगळ्यांना तो राखेचा वास आला होता, पण कोळसा समोरच जळत होता, म्हणून कुणी बोललं नाही.

"सर, पाणी किती वेळानं भरता?" राजनंदिनीनं विचारलं.

वीस मिनिटांनी, असं इंद्रजितराव म्हणाले.

"चाळीस झाली. काच हललीच नाही."

त्यांनी आपल्या इंजिनाची काच पाहिली. काडीएवढ्या नळीत पाणी बरोबर निम्म्यावर. शेजारच्या मोठ्या काचेत बरोबर निम्म्यावर. दिसतंय ना पाणी, डॉक्टरीणबाई, असं काहीतरी ते बोलायला गेले, पण तिनं हात पुढं केला होता आणि तळहातावर तो प्लग होता.

"सर... यात शिसं कुठंय?"

त्यांनी प्लग घेतला, फिरवला आणि चष्मा वर ढकलून पहिल्यांदाच सरळ नजरेनं पाहिला. भोक नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो भरीव होता. एक टोक आगीनं काळंनिळं झालेलं होतं. रोजच्या वस्तूकडं कोण बघतं? पन्नास हजारांतून एखाद्याला कळली असती अशी ती गोष्ट, आणि त्या एखाद्याच्याच टेबलावर ती इतकी वर्षं पडून होती.

त्यांना सगळं एकदम कळलं. सीझनात गाडी थांबू नये म्हणून नानांनी शिशाच्या जागी भरीव पितळ ठोकलं होतं. काच तुंबून खोटं पाणी दाखवत राहिली, आणि वितळायला शिसं नव्हतं. चौकशीच्या आधी नानांनी तो प्लग काढून दुसरा बसवला आणि हा घरी आणला. अर्जुनानं काच तीनदा काय, तीसदा उघडली असती, तरी पुढच्या क्षणी ती तुंबायची राहिली नसती. त्या एका क्षणासाठीच तर प्लग असतो.

आणि मग त्यांना आणखी एक आठवलं. गेल्या महिन्यात त्यांच्या स्वतःच्या इंजिनाचा शिशाचा प्लग ठिबकत होता. चारचौघांत शोभा नको, म्हणून त्यांनी लेथवर एक नवा बनवला होता. भरीव.

त्यांच्या मानेवर गरम, ओलसर श्वास आला. ते रुळांच्या टोकाशी उभे होते; खुर्च्या सगळ्या पुढं होत्या, मागं फक्त भिंत होती. कानाशी कुणीतरी अगदी हळू, घाई न करता म्हणालं,

"काच उघडा, सायेब..."

त्यांनी इंजिनाच्या काचेचा खालचा कॉक उघडला. कोरडी, जळकी फुंकर आली. एक थेंब नाही. आणि काचेत पाणी निम्म्यावर तसंच उभं. हात-दीड हातावर दहा माणसांचे गुडघे होते. इंद्रजितरावांनी भट्टीच्या जाळीची खीळ ओढली, आग खाली ताटलीत पडली आणि त्यांची दोन बोटं भाजली. छत कुठंतरी आत टक्... टक्... करत थंड होऊ लागलं.

या क्षणी माणूस काय बोलतो, त्यावरून त्याची किंमत ठरते. इंद्रजितराव म्हणाले, थोडं जास्त तापलं होतं, विशेष काही नाही. प्लग त्यांनी खिशात घातला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, जरा पातळ. राजनंदिनीनं वाजवल्या नाहीत.

"मग चूक कुणाची होती, सर?" तिनं हळू विचारलं.

"अहवालात आहे त्याचीच."

ते म्हणाले आणि मोठी काच रिकामी झाली. पाणी उतरताना कुणी पाहिलं नाही. आत कोरडी धूळ होती आणि कोळ्याचं जुनं जाळं होतं, वर्षानुवर्षं न भिजलेलं.

सोमवारी त्यांनी काच पलूसला परत दिली. भामाबाईनं ती उजेडाकडं धरून पाहिली. "उतरलं व्हय," एवढंच ती म्हणाली, आणि वाक्याचं काय केलं ते विचारलं. काढतो, असं इंद्रजितरावांनी सांगितलं. तेव्हा तरी ते खरंच काढणार होते.

घरी आल्यावर वरच्या खोलीत त्यांचं लक्ष नानांच्या फोटोकडं गेलं. फोटोच्या काचेच्या आत पाणी होतं. नानांच्या कोटाच्या दुसऱ्या बटणापर्यंत, पट्टीनं आखल्यासारखं सरळ. सांगलीच्या माणसाला भिंतीवरची पाण्याची रेघ नवी नाही, पण पूर वरच्या मजल्यावर कधी आला नव्हता, आणि फ्रेम मागून हाडासारखी कोरडी होती. त्यांनी ती वाकडी केली, उलटी केली. पाणी बटणावरच राहिलं.

रात्रभर ते पुस्तिका समोर घेऊन बसले. खरं वाक्य लहान होतं. 'फोरमन नानासो यांनी शिशाच्या जागी भरीव प्लग बसवला होता.' ते त्यांनी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. खाली गावात नानांच्या नावाचा चौक होता, शाळेत नानांच्या नावाची ढाल होती, आणि स्वतःच्या इंजिनातल्या प्लगचं काय लिहायचं हा प्रश्न वेगळाच. दुसऱ्यांना आयुष्यभर अडाणी म्हणणाऱ्या या माणसाला नऊ शब्दांचं धैर्य झालं नाही. सकाळी त्यांनी लिहिलं, 'अज्ञात कारणामुळे बॉयलरमधलं पाणी संपलं आणि फायरमनचा मृत्यू झाला,' आणि कागद छापखान्यात पाठवले. अर्जुनाचं नावही गेलं, निष्काळजीपणाही गेला. सगळ्यांचं भलं झालं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

वर आले तर पाणी नानांच्या हनुवटीला लागलं होतं.

शनिवारी पुस्तिका छापून आली, आणि रविवारी दुपारी नाथाजीचा फोन आला. बाईला बोलायचंय, म्हणाला. इंद्रजितराव फोन घेऊन वरच्या खोलीतच उभे होते. फोटो त्यांनी भिंतीकडं तोंड करून ठेवला होता.

"दादा, काय लिवलं वो शेवटी?"

निष्काळजी हा शब्द काढला, असं त्यांनी सांगितलं. कारण अज्ञात, असं लिहिलंय. चांगलं झालं की नाही?

पलीकडं, लांब कुठंतरी, तिच्या घरात की फोनच्या तारेत, फावडं एकदा ओढलं गेलं.

"मग, दादा..." भामाबाई म्हणाली, "पाणी कुठवर आलंया?"

फोटोबद्दल त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. त्यांनी फ्रेम सरळ केली. पाणी नानांच्या ओठांच्या वर होतं.

"कसलं पाणी?" इंद्रजितराव म्हणाले.

काचेच्या आत नानांच्या मिटलेल्या ओठांपाशी एक बुडबुडा सुटला, हळूहळू वर गेला आणि नाकाखाली येऊन थांबला.